गुदाशयाचा कर्करोग: रोबोटिक की दुर्बिणीने? जास्तीचे पैसे मोजावेत का?

गोदातीर

नमस्कार. इतके दिवस वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर संपादकांनी हलवावा.

माझ्या मामांना (वय ५८, नाशिक) गुदाशयाचा कर्करोग निघालाय. शौचातून रक्त जात होतं, ते मूळव्याध समजून औषधं चालली होती. शेवटी कोलोनोस्कोपी झाली आणि गाठ दिसली, गुदद्वारापासून ५ सेंमीवर. बायोप्सीत अॅडेनोकार्सिनोमा. सीटीमध्ये लिव्हर आणि फुफ्फुसं स्वच्छ आहेत. एमआरआय पुढच्या आठवड्यात. मामांना मधुमेह आहे, वजन ९२ किलो, पोट सुटलेलं.

दोन सर्जनना भेटलो. पुण्यातले म्हणाले, गाठ इतक्या खाली आहे तर रोबोटिकच करा. त्यांचं पॅकेज साध्या लॅप्रोस्कोपीपेक्षा (म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनपेक्षा) पावणेदोन लाखांनी जास्त. नाशिकचे सर्जन म्हणाले, मी वीस वर्षं दुर्बिणीने करतोय, रोबो हा जाहिरातीचा भाग आहे. दोघंही बोलायला चांगले, दोघांनाही वेळ नव्हता. मामी म्हणते, जमिनीचा तुकडा विकू पण उत्तम तेच करू. मामा म्हणतात, यंत्राच्या हातात मी पोट देणार नाही.

भूल उतरल्यावर पेशंटला दोन्हींत खरोखर फरक पडतो का? कुणाला अनुभव आहे?

चहाबाज

मामांना सांगा, यंत्र फक्त हात देतं, डोकं डॉक्टरचंच असतं. आमच्या सोसायटीच्या लिफ्टपेक्षा तरी ते भरवशाचं असणार.

बाकी जाणकार येतीलच. काळजी घ्या.

शल्यक

मी सर्जन आहे, मुख्यतः आतड्यांच्या शस्त्रक्रिया करतो. लॅप्रोस्कोपीही करतो, रोबोवरही बसतो. त्यामुळे माझा कल आधीच सांगून टाकतो: मामांसारख्या पेशंटमध्ये, दोन्ही येत असतील तर, मी रोबो वापरेन. आता का ते.

गुदाशयाभोवती चरबीचं एक आवरण असतं, त्याला मेसोरेक्टम म्हणतात. कर्करोग पसरतो त्या लसिका ग्रंथी त्यातच असतात. १९८२ साली इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी दाखवून दिलं, की हे आवरण न फाटता, जसंच्या तसं, गाठीसकट बाहेर काढलं तर कर्करोग त्याच जागी परत येण्याचं प्रमाण झपाट्याने खाली येतं. त्याला टीएमई म्हणतात. त्याआधी चार-पाच जणांत एकाला ओटीपोटात पुन्हा गाठ यायची. गोदातीर, तुमच्या मामांवर पोट उघडून, दुर्बिणीने किंवा रोबोने काहीही झालं तरी आत जाऊन करायचं काम हेच आहे. रोबो ही वेगळी शस्त्रक्रिया नाही, त्याच शस्त्रक्रियेचं वेगळं हत्यार आहे.

अडचण जागेची. पुरुषांचं कटिर (ओटीपोटाखालची हाडांची पोकळी) अरुंद असतं. त्यात पोट सुटलेलं आणि गाठ ५ सेंमीवर म्हणजे अगदी तळाशी. लॅप्रोस्कोपीची हत्यारं सरळ दांड्याची असतात. चिंचोळ्या बरणीच्या तळाची लोणच्याची फोड दोन लांब पळ्यांनी, ती न चिरडता, वर काढायची आहे असं समजा. रोबोच्या हत्यारांना टोकाशी मनगट असतं, ते आपल्या मनगटाहून जास्त वळतं. चित्र त्रिमितीय दिसतं, कॅमेरा माझ्याच ताब्यात असतो (ज्युनियरचा हात चौथ्या तासाला थरथरतो, हे कोणी सांगत नाही), हाताचा कंप गाळला जातो. पुढच्या बाजूला प्रोस्टेट आणि बाजूंना लघवीच्या व लैंगिक कार्याच्या बारीक नसा असतात. त्या वाचवायच्या तर दिसायला हव्यात.

तोटाही सांगतो. बहुतेक यंत्रांवर हाताला स्पर्श कळत नाही. ऊतक किती ताणलंय हे डोळ्यांनीच ओळखावं लागतं. ते शिकायला वेळ लागतो आणि तो वेळ कोणत्या तरी पेशंटवर जातो.

पोटभाडेकरू

लोणच्याच्या बरणीचं उदाहरण वाचून माझी आई म्हणाली, "सर्जनला सांग, पळी नाही, काटा वापर."

सांख्यबुद्धी

शल्यक यांनी छान समजावलं, पण "छान दिसतं" आणि "पेशंट बरा होतो" यांत अंतर असतं. मी डॉक्टर नाही, पण क्लिनिकल ट्रायल्सच्या आकडेमोडीत नोकरी गेली, म्हणून लिहितो.

पहिली मोठी चाचणी रोलार. २०१७ साली प्रसिद्ध झाली, १० देशांतले ४७१ पेशंट, नेतृत्व इंग्लंडमधल्या लीड्सचं. प्रश्न एकच: दुर्बिणीने किंवा रोबोने सुरू केलेली शस्त्रक्रिया मध्येच सोडून पोट उघडावं लागणं कमी होतं का? लॅप्रोस्कोपीत १२.२ टक्के, रोबोत ८.१. दिसायला फरक दिसतो, पण तो योगायोगानेही येऊ शकतो एवढाच होता. खर्च मात्र रोबोचा जास्त. नाशिकचे डॉक्टर "जाहिरात" म्हणतात, त्यांचा आधार बहुधा हाच.

त्याआधी २०१५ मध्ये लॅप्रोस्कोपीचीच परीक्षा झाली होती. मुख्यतः युरोपातल्या कलर टू या चाचणीत हजारावर पेशंट होते. तीन वर्षांनी त्याच जागी कर्करोग परत येण्याचं प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ५ टक्के आणि लॅप्रोस्कोपीतही ५ टक्के. पण त्याच वर्षी अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन चाचण्यांनी म्हटलं, काढलेल्या भागाच्या तपासणीत लॅप्रोस्कोपी उघड्या शस्त्रक्रियेइतकीच चांगली आहे हे सिद्ध होत नाही. म्हणजे ज्याच्याशी रोबोची तुलना करायची, त्या लॅप्रोस्कोपीवरच गुदाशयाच्या बाबतीत वाद होता.

शल्यक

रोलार अर्धीच सांगितलीत. त्यातल्या सर्जनांना भाग घ्यायला रोबोवरच्या किमान १० शस्त्रक्रिया पुरेशा होत्या. दहा! मी दहाव्या केसला पाय पेडलवर कुठे ठेवायचा हे शोधत होतो. लॅप्रोस्कोपीतले मुरलेले आणि रोबोवरचे नवशिके अशी ती तुलना झाली. फक्त पुरुष पेशंट पाहिले तर पारडं रोबोकडे झुकलं होतं.

आणि चीनच्या रिअल चाचणीचं काय? ११ रुग्णालयं, बाराशेच्या आसपास पेशंट, सगळ्या गाठी गुदद्वारापासून १० सेंमीच्या आत, म्हणजे बरोबर मामांचा गट.

सांख्यबुद्धी

त्यावरच येत होतो, चहा घ्यायला उठलो होतो.

रिअल चाचणीचे सुरुवातीचे निकाल २०२२ मध्ये आले. काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कर्करोग पोहोचलेला असणं रोबोत ४.० टक्के, लॅप्रोस्कोपीत ७.२. पोट उघडावं लागणं १.७ विरुद्ध ३.९. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत १६.२ विरुद्ध २३.१. गुदद्वारच काढून शौचासाठी पोटावर कायमची पिशवी द्यावी लागणं १६.९ विरुद्ध २२.७. मग २०२५ मध्ये तीन वर्षांचे निकाल आले. त्याच जागी कर्करोग परत येणं रोबोत १.६, लॅप्रोस्कोपीत ४.०. लघवीचं आणि लैंगिक कार्यही रोबो गटात बरं राहिलं.

आता हे पचवा. ४.० वजा १.६ म्हणजे २.४. साधारण ४२ जणांवर रोबो वापरला तर एकाचा कर्करोग त्या जागी परत येणं टळतं. बाकी ४१ जणांना या एका बाबतीत फरक नाही. आणि तीन वर्षांनी किती जण जिवंत, यात दोन गटांत ठाम फरक नव्हता, ९४.७ आणि ९३.०. शिवाय ही चीनमधली प्रचंड काम असलेली केंद्रं, तिथला पेशंट सरासरीने सडपातळ. ९२ किलोच्या मामांना हे आकडे जसेच्या तसे चिकटवू नका.

कोरियातलीही एक चाचणी आहे, कोलरार. पुरेसे पेशंट मिळण्याआधीच थांबवावी लागली. आवरण अखंड निघण्यात फरक सापडला नाही.

शल्यक

९२ किलोच्या पेशंटमध्ये रोबोचा फायदा उलट वाढेल, कमी होणार नाही, असं मला वाटतं. सडपातळ पेशंटमध्ये लॅप्रोस्कोपीनेही सगळं दिसतं.

सांख्यबुद्धी

"असं मला वाटतं" या तीन शब्दांवर आक्षेप नाही, फक्त नोंद करतो.

चहाबाज

दोघांना एका टेबलावर बसवून चहा पाजायला हवा. बिल ४२ जणांत वाटून.

एसटीवाला_सातारा

माझी शस्त्रक्रिया दुर्बिणीने झाली. रोबो तेव्हा आमच्याकडे नव्हता आणि असता तरी परवडला नसता. गाठ ६ सेंमीवर होती. आज ठणठणीत आहे, पण जे कोणी सांगत नाही ते सांगतो.

ऑपरेशनआधी सगळी चर्चा चिरा किती, टाके किती, घरी कधी. नंतरचं आयुष्य म्हणजे संडास. सांधा (गाठ काढल्यावर आतड्याची टोकं जोडतात ती जागा) फार खाली असला की जुनं कोठार गेलेलं असतं. नवं आतडं साठवत नाही. एकदा जाऊन आलं की दहा मिनिटांत पुन्हा, मग पुन्हा, नंतर दुपारभर काही नाही. वारा आहे की शौच हे कळत नाही. मी ड्रायव्हर होतो, घाटात गाडी असताना हे झालं तर काय करायचं? ऑफिसात बदली घेतली. डॉक्टरांनी याला लार्स म्हणतात असं सांगितलं, पण ते वर्ष गेल्यावर. इसबगोल, लोपरामाइडची गोळी, जेवणाच्या ठरलेल्या वेळा आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, यांनी पुष्कळ सुधारलं. पूर्वीसारखं नाही झालं.

रोबोने हे टळतं का, हे डॉक्टरांनी सांगावं.

शल्यक

सातारकर, उत्तर थेट देतो: फारसं नाही. लार्स होतं ते गुदाशय गेल्यामुळे, सांधा खाली असल्यामुळे आणि रेडिएशनमुळे. हत्यार कोणतं होतं याने त्यात मोठा फरक पडत नाही. नसा वाचल्या तर लघवी आणि लैंगिक बाबतीत फायदा दिसतो, शौचाच्या बाबतीत तसं छातीठोक सांगता येत नाही.

वैद्यप्रेमी

ऑपरेशनची इतकी घाई कशाला? आमच्या गावाकडे एक वैद्य आहेत, क्षारसूत्राने अशा पुष्कळ केसेस बऱ्या केल्यात.

शल्यक

क्षारसूत्र भगंदर आणि मूळव्याधीसाठी आहे, तिथे त्याचा उपयोग आहे. कर्करोगाच्या गाठीला नाही. मामांचा वेळ याच घोळात गेलाय.

वैद्यप्रेमी

तुम्हाला आयुर्वेदाचा राग आहे.

संपादक

हा फाटा इथेच थांबवावा. स्वतंत्र धागा काढू शकता.

मृण्मयी_ठाणे

गोदातीर, माझ्या नवऱ्याचं रोबोटिक झालं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही.

सर्जन उत्तम होते, रक्त गेलं नाही म्हटलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशी चालवलं. चिरे म्हणाल तर पोटावर छोटी छिद्रं आणि बिकिनी रेषेवर एक आडवा चिरा, कारण काढलेला भाग कुठून तरी बाहेर काढायचाच असतो. हे मला माहीत नव्हतं, मी समजत होते फक्त छिद्रंच. पाचव्या दिवशी ताप आला. सांधा गळला होता. पुन्हा आयसीयू, ड्रेन, अँटिबायोटिक. तात्पुरती पिशवी आधीच दिलेली होती म्हणून निभावलं. काउन्सेलरने ऑपरेशनआधी "रोबोटिकमध्ये गुंतागुंत होत नाही हो" असं सांगितलं होतं. तिला त्या दिवशी शोधत होते मी.

विम्याचं वेगळंच. पॉलिसी दहा लाखांची, पण रोबोटिकला आतली मर्यादा होती आणि ती कोणी सांगितली नव्हती. वरचे सगळे खिशातून.

विमावाला

मृण्मयीताई, हे सगळ्यांनी लिहून ठेवण्यासारखं. विमा नियामकाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची एक यादी काढली, त्यात रोबोटिक शस्त्रक्रिया आहे. कंपनीला ती पूर्णपणे वगळता येत नाही. पण उपमर्यादा घालता येते. काही पॉलिसींत ती विमा रकमेच्या टक्क्यांत असते, काहींत ठरावीक रक्कम. काहींत नसतेही. पॉलिसीच्या कागदात "आधुनिक उपचार" हे शब्द शोधा. कॅशलेसच्या पूर्वमंजुरीत "रोबोटिक" शब्द आणि रक्कम लेखी यायला हवी. "होऊन जाईल हो" हे उत्तर धरू नका.

पोटभाडेकरू

पण इतकं महाग का असतं हे? रोबो काही पगार घेत नाही.

शल्यक

पगार नाही, पण हत्यारं मोजून वापरायची. दा विंची यंत्राच्या प्रत्येक हत्याराला ठरावीक वापर असतात, आतली चिप मोजते, संपले की हत्यार चांगलं असलं तरी यंत्र ते घेत नाही. त्यावर वार्षिक देखभाल आणि मूळ यंत्राची कोट्यवधींची किंमत. अमेरिकेत त्याला २००० साली परवानगी मिळाली आणि पुढे बरीच वर्षं स्पर्धकच नव्हता. आता ब्रिटनचं व्हर्सियस आहे, मेडट्रॉनिकचं ह्यूगो आहे, गुरुग्रामच्या कंपनीचं मंत्र आहे. मंत्र स्वस्त पडतं. भाव हळूहळू उतरतील. पण रिअलचे किंवा रोलारचे आकडे हे दा विंचीचे आहेत, ते दुसऱ्या यंत्राला आपोआप लागू होत नाहीत. तेव्हा "रोबो कोणता?" हेही विचारायला हरकत नाही.

चहाबाज

आणि मध्येच लाईट गेली तर? आमच्याकडे महावितरणचा गुरुवार असतो.

शल्यक

हसू नका, दर दुसरा पेशंट हेच विचारतो. थिएटरला जनरेटर आणि यूपीएस असतो, यंत्राला स्वतःची बॅटरी असते. तरीही बंद पडलं तर हात सोडवून बाजूला करता येतात आणि पेशंटच्या शेजारी हात धुऊन उभा असलेला सर्जन लॅप्रोस्कोपीने किंवा पोट उघडून पुढचं करतो. म्हणून मामांना सांगा, यंत्राच्या हातात पोट कोणी देत नाही. मी पाच-सात फुटांवर कन्सोलमध्ये डोकं घालून बसलेला असतो. माझा हात थांबला की त्याचा थांबतो.

नीलाक्षी

मूळची कोल्हापूरची, सध्या लेस्टरला स्टोमा नर्स (पोटावर पिशवी असलेल्या पेशंटची काळजी घेणारी) आहे. इथे एनएचएसमध्ये (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) पेशंटला रोबो की लॅप असा मेनू मिळत नाही. त्या हॉस्पिटलात जे आहे आणि सर्जन जे करतो ते. त्यामुळे या वादात पडत नाही. माझा मुद्दा पिशवीचा.

५ सेंमीवरच्या गाठीत सांधा केला तरी बहुतेक वेळा तात्पुरती आयलिओस्टोमी देतात, म्हणजे लहान आतड्याचा वेढा पोटावर आणतात. ती पोटावर कुठे येणार, हे ऑपरेशनच्या आधी पेनने खुणावून घ्या. पेशंटला झोपवून खूण करून चालत नाही. उभं करायचं, खुर्चीत बसवायचं, पुढे वाकवायचं. सुटलेल्या पोटाला बसल्यावर घडी पडते. खूण त्या घडीत आली तर पिशवी चिकटतच नाही, दिवसातून दोनदा गळते, कातडी सोलवटून निघते. मामा पँट कुठे बांधतात, पोटाच्या वर की खाली? ते घालतात तोच पट्टा लावून खूण करा. बायकांच्या बाबतीत परकराच्या नाडीची जागा टाळावी लागते, हे मी इथल्या सहकाऱ्यांना साडी नेसून दाखवलं होतं. आणि फार खाली खूण केली तर सुटलेल्या पोटामुळे पेशंटला ती स्वतःला दिसतच नाही, मग बदलणार कशी? वजनदार पेशंटमध्ये ती थोडी वरच असावी.

दुसरं, आयलिओस्टोमीतून पातळ जातं. उन्हाळ्यात नाशिकला मीठ-पाणी कमी पडलं तर क्रिएटिनिन वाढून, म्हणजे किडनीवर ताण येऊन, पुन्हा ॲडमिट. नुसतं पाणी पीत राहिल्याने उलट जास्त जातं. ओआरएस घरात भरून ठेवा. मधुमेह आहे म्हणून ओआरएस टाळू नका, पण साखरेच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलून घ्या.

एसटीवाला_सातारा

नीलाक्षीताई, पट्ट्याचं अगदी खरं. माझी खूण ऑपरेशन टेबलावर झाली. सहा महिने लेंगा घालून काढले.

रेडिओकिरण

सर्जन लोकांची जुगलबंदी वाचली. मी रेडिएशनवाला, उशिरा आलो. एक साधी गोष्ट कोणीच विचारली नाही: एमआरआय झालेलाच नसताना दोन्ही सर्जन हत्यारावर कसे पोहोचले?

गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ असेल तर आधी एमआरआय, मग सगळ्या डॉक्टरांची एकत्र बैठक, मग निर्णय. गाठ आवरणाच्या कडेला टेकलेली असेल, किंवा ग्रंथी, रक्तवाहिन्या सामील असतील, तर शस्त्रक्रिया पहिली नसतेच. आधी रेडिएशन: एकतर आठवड्यात पाच मोठे डोस, नाहीतर पाच-साडेपाच आठवडे रोज थोडं थोडं आणि बरोबर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. हल्ली सगळी केमोही शस्त्रक्रियेच्या आधीच देतात. हे सगळं होईपर्यंत पाच-सहा महिने जातात. जमीन विकायची घाई नको.

आणि काही पेशंटमध्ये इतक्या उपचारांनी गाठ पूर्ण विरघळते. साओ पाउलोच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये मांडलं, की अशांना कापायची घाई करू नका, लक्ष ठेवा. तेव्हा जगभरच्या सर्जनांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. आता हा मान्य मार्ग आहे.

मृण्मयी_ठाणे

म्हणजे ऑपरेशनच नको? मग आम्हाला हे कोणी का नाही सांगितलं?

रेडिओकिरण

सगळ्यांना लागू नाही, ताई. बोटाने, गुदद्वारातून घातलेल्या तपासणीच्या दुर्बिणीतून आणि एमआरआयवर, तिन्हींत काहीच दिसत नसेल तरच. आणि मग सुरुवातीची दोन-तीन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही. आंतरराष्ट्रीय नोंदवहीत अशा ८८० पेशंटमध्ये दोन वर्षांत साधारण चारातल्या एकाला गाठ परत उगवली. वेळेत सापडली तर तेव्हा शस्त्रक्रिया करता येते. पण जो पेशंट औषध घेऊन गावी जातो आणि पुढच्या दिवाळीला उगवतो, त्याला हा मार्ग मी देत नाही.

शल्यक

रेडिओकिरण यांच्याशी पूर्ण सहमत, आणि हे सर्जनकडून क्वचित ऐकायला मिळेल. नवीन पद्धतींवर उडी मारण्याचं आमचंही एक उदाहरण आहे. गुदद्वाराच्या बाजूने वर जाऊन टीएमई करायची पद्धत मध्यंतरी फार गाजली, टाटीएमई. कल्पना सुंदर होती, परिषदांत व्हिडिओ बघून सगळे हरखले. नॉर्वेत काही पेशंटमध्ये कर्करोग लवकर आणि एकाच वेळी अनेक जागी परत येताना दिसला, त्यांनी ती देशभर थांबवली. म्हणून सांख्यबुद्धींची कटकट मला आवडते, जरी तोंडावर मान्य करत नसलो.

सांख्यबुद्धी

नोंद केली.

गोदातीर

उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. सगळ्यांचं वाचत होते, मामेभावाला मोबाइलवर वाचूनही दाखवलं.

एमआरआय झाला. टी३, म्हणजे गाठ गुदाशयाच्या भिंतीतून पार होऊन आवरणात शिरलेली, आणि मागच्या बाजूला एका जागी गाठ आवरणाच्या कडेपासून १ मिमीच्या आत. रेडिओकिरण यांचं वाचलं होतं म्हणून आम्ही थेट विचारलं, "एकत्र बैठक होते का?" नाशिकच्या सर्जननी त्यांच्या ओळखीच्या केंद्रात केस पाठवली. ठरलं असं: आधी रेडिएशन, मग केमो, मग पुन्हा एमआरआय. शस्त्रक्रिया लागली तर पावसाळ्यानंतर.

दोन्ही सर्जनना मी तेच तीन प्रश्न विचारले: गेल्या वर्षी गुदाशयाच्या किती केल्या (पित्ताशय, हर्निया धरून नाही), किती वेळा पोट उघडावं लागलं, किती जणांचा सांधा गळला. एकाने आकडे लगेच दिले, गळतीचाही. दुसरे म्हणाले, "असं आकड्यांत नसतं हो." कोणी काय म्हटलं हे लिहीत नाही, पण मामीचा निर्णय तिथेच झाला. रोबो की दुर्बीण यावर मामा अजून अडूनच आहेत. पाच फुटांवर बसतात हे सांगितल्यावर म्हणाले, "मग जवळच उभे राहा म्हणावं."

चहाबाज

मामा माझ्या पार्टीत.

सांख्यबुद्धी

तिन्ही प्रश्न अचूक. गळतीचा आकडा शून्य सांगणाऱ्यापासून मात्र सावध. साधारण ५ ते १० टक्के जगभर होते, फार खालच्या सांध्यात त्याहून जास्त. शून्य म्हणजे एकतर केसेस कमी, नाहीतर मोजलं नाही.

आणि मूळ प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: रोबोवर गुदाशयाच्या भरपूर केसेस केलेला सर्जन मिळत असेल, तर मामांच्या बाबतीत पावणेदोन लाखांना थोडा पण खरा आधार आहे. नवशिक्या रोबोवाल्यापेक्षा मुरलेला दुर्बीणवाला केव्हाही घ्यावा. जमीन विकून मात्र नको. ते पैसे पुढच्या सहा महिन्यांच्या जाण्यायेण्याला, पिशव्यांना आणि सीटी-एमआरआयला लागतील.

शल्यक

यावर माझी सही. "थोडा" शब्दावर वाद घालेन, पण वेगळ्या धाग्यावर.

गोदातीर, एक राहिलं. बायोप्सीवर एमएमआर तपासणी (गाठीच्या पेशींची डीएनए दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे का, याची) झालीय का? बायोप्सीच्या मेणाच्या ब्लॉकवर होते. गुदाशयाच्या कर्करोगात थोड्याच जणांत, शंभरात पाच-दहा, ती सदोष निघते. पण निघाली तर उपचारांची दिशाच बदलते. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये अशा पेशंटना नुसतं इम्युनोथेरपीचं औषध दिलं, २०२२ मध्ये पहिल्या १२ जणांचे निकाल आले आणि बाराही जणांच्या गाठी दिसेनाशा झाल्या. रेडिएशन नाही, शस्त्रक्रिया नाही. औषध महाग आहे आणि मामांचं तसं निघण्याची शक्यता कमी, पण रेडिएशन सुरू व्हायच्या आत हे कळायला हवं.

गोदातीर

रिपोर्ट आत्ताच काढून पाहिला. त्यावर एमएमआर कुठेच नाही. रेडिएशनची मार्किंग सोमवारी आहे. ब्लॉक इथल्याच लॅबमध्ये आहे, मामेभाऊ उद्या सकाळी लॅब उघडताच जाऊन उभा राहतो.

रेडिओकिरण

मार्किंग होऊ द्या, त्याने काही बिघडत नाही. पहिला डोस मात्र रिपोर्ट हातात आल्यावर घ्या, आणि तुमच्या रेडिएशनच्या डॉक्टरांना आजच फोन करून तसं सांगून ठेवा.